नसलेल्या पायाला थंडी

सिंधूबाई फाटकाशी उभी राहून बोलत होती आणि बोलता बोलता तिची नजर वर गेली. एवढंच झालं. तिच्या डोक्यावर, गच्चीच्या कठड्यावर, घोंगडी उन्हात पसरलेली होती. काळी, जाड, एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके. ते टाके सिंधूबाईनेच घातलेले. शिवशंकरने तिची नजर वर जाताना पाहिली, तिथं थबकताना पाहिली आणि खाली येतानाही पाहिली. खाली आली तेव्हा ती त्याच्या तोंडावर आली नाही, त्याच्या चपलांवर आली. "बरं मास्तर, निघते म्या," ती म्हणाली, "औंढ्याची गाडी चुकंल." आणि पदर खोचून कॉलनीच्या रस्त्याने चालू लागली. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली सव्वीस वर्षं वर्गात शिकवण्यात आणि पुढची नऊ मुख्याध्यापकाच्या खुर्चीत काढलेला. उत्तरांची त्याला कधी वाण पडली नव्हती. पण न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. तो फाटकाची कडी धरून तसाच उभा राहिला.

नजर वर जाण्याआधी ती जे बोलली होती, ते आता उलट्या क्रमाने त्याच्याकडे परत येत होतं. "लय तकलीफ व्हऊन राह्यली त्याह्यला. छातीत नुस्तं घरघर घरघर." त्याच्या आधी: "घोंगडी घ्या म्हनलं तर घेत न्हाईत. दोन नव्या पडल्यात घरात." आणि सगळ्यात आधी, फाटकाशी येताच, त्याने नेहमीच्या सवयीने "या काकी" म्हणायच्याही आत: "मास्तर, ते पुसेगावचं लेकरू उठलं का व्हो? चालून राह्यलं का आता?" त्याने नेहमीसारखंच सांगितलं होतं, "हळूहळू, काकी. चाललंय हळूहळू." तेव्हा ती खालचा ओठ दाताखाली धरून म्हणाली होती, "आमच्या म्हाताऱ्यानं मल्हारीला बोलून ठिवलंय न्हाई का. घोंगडी ज्येला जाईल त्यो जवान सोताच्या पायावर उभा राह्यल्याबिगर आंगाला लोकर लावनार न्हाई म्हनून. तुमच्याम्होरंच तर बोलले. घोंगडी काढून दिली, तवाच."

त्याच्यासमोरच बोलले होते. हे खरं असणार. श्रावणाचे दिवस, गांधी चौकात मंडप, मंडपावर कापडी फलक: जखमी जवानांसाठी हिंगोलीकरांचा हात. सीमेवर गडबड झाली होती, पुण्याच्या लष्करी रुग्णालयात पोरं पडून होती, आणि सेवानिवृत्तांच्या मंडळात शिवशंकरचा शब्द चालत होता. रुग्णालयाकडून यादीच मागवली होती त्याने, कारण त्याला व्यवस्थित काम आवडतं: बाजूने उघडणाऱ्या ट्रॅकपँट, दाढीची मशिनं, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेच्या गाद्या, छोटे रेडिओ. लोक आणून देत होते, तो फोटो काढून घेत होता. तेवढ्यात भुरभुर पावसातून सिंधूबाईचा नवरा, खेमाकाका आले. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकडून मेंढरं हिंगोलीच्या अंगाला आली होती तेव्हा. मंडपात आले, खांद्यावरची घोंगडी काढली, कपाळाला लावली, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. ते काय पुटपुटले हे ऐकायला शिवशंकर हातभर अंतरावर उभा होता. पण तो फोटोवाल्याकडे बघत होता, की हा फोटो घ्यावा की न घ्यावा.

घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न का पडला होता हे तो स्वतःला कधी सांगत नसे. आता घरात येऊन खुर्चीत बसल्यावर त्याने स्वतःला सांगून टाकलं. खेमाकाका नुसते ओळखीचे धनगर नव्हते. त्याचा बाप सटवाजी आणि खेमाकाका यांनी बावीस वर्षं एकत्र मेंढरं राखली. पूर्णेच्या पात्रातून पलीकडे जाताना लहानगा शिवा खेमाकाकांच्या खांद्यावर असायचा आणि खाली भिजलेल्या लोकरीचा वास यायचा. त्या वासात घोंगडीला देतात त्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास असतो, धुराचा असतो, कोकराच्या तोंडच्या दुधाचा असतो. पुढे परभणीच्या वसतिगृहात त्याला कळलं, की ह्या सगळ्याला मिळून एकच नाव आहे, धनगर, आणि ते उच्चारताना पोरं नाकाला बोट लावतात. त्याने बापाची घोंगडी जिन्याखालच्या अडगळीत कोंबली आणि दिवाळीला घरी जाऊन सांगितलं, चोरीला गेली. बाप भाकरी खात होता. घास गिळून म्हणाला, "ज्यानं नेली त्याला ऊब व्हवो," आणि पुन्हा खायला लागला. त्या सुट्टीत शिवा बापाच्या शेजारी बसून जेवला नाही. पुढे साबण आले, अत्तरं आली, नांदेडची शिकलेली मंजुषा घरात आली, कॉलनीत घर झालं. वास गेला. निदान त्याला तसं वाटत होतं.

"कोण होतं?" मंजुषाने स्वयंपाकघरातून विचारलं. "कुणी नाही," तो म्हणाला, आणि मग त्याला स्वतःच्याच उत्तराचा राग आला, म्हणून म्हणाला, "सिंधूकाकी." "अगं बाई, मग चहा तरी द्यायचा." मग थोड्या वेळाने: "ती घोंगडी मी उन्हात टाकलीय हं. कुबट येत होती. पाठवायची होती ना तुम्हाला ती?" तिच्या विचारण्यात खोच नव्हती. पाच महिन्यांत तिने हे चौथ्यांदा विचारलं असेल, आणि चारही वेळा तो "पाठवतो" म्हणाला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या मनात तर आता भर ऊन पडलं होतं, आणि कठड्यावर पसरायचं ते पसरून झालं होतं.

श्रावणाअखेर पुण्याला जाताना गाडीत सगळं सामान नीट बांधून टपावर, आणि घोंगडी मागे डिकीत, जॅकच्या शेजारी. जालना मागे पडलं तेव्हा काचा बंद होत्या, एसी चालू होता. मंडळाचे अमरसिंग वकील म्हणाले, "सर, कसला वास येतोय हो? काही मेलं-बिलं नाही ना गाडीत?" आणि शिवशंकर म्हणाला, "कुणा धनगराने दिलंय एक घोंगडं. काय करता, नाही म्हणवत नाही." सगळे हसले. तोही हसला. सगळ्यांच्या आधी तोच हसला होता, म्हणून तर त्यांना हसता आलं. हे वाक्य त्याने पाच महिने मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं. पण वाक्याला लोकरीसारखंच असतं, दाबलं की दबतं आणि हात काढला की फुगून वर येतं. कुणा धनगराने. पुढे जवळजवळ तीनशे किलोमीटर तो सगळ्यांशी फार मोकळेपणाने बोलत राहिला होता.

रुग्णालय स्वच्छ होतं. फरशीत माणसाचं तोंड दिसेल इतकं स्वच्छ, आणि शांत. तिथले लोक फार बरे वागले. भाषणं नकोत, फलक बाहेर राहू द्या, पोरांशी मात्र मनमोकळं बोला, एवढंच त्यांनी सांगितलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक पोरगा होता, चोवीस-पंचविशीचा. हिंगोली हा शब्द कानावर पडल्याबरोबर तो कोपरावर उठला. "कोनतं गाव सर? आमी पुसेगावचे. सेनगाव तालुका." त्याचं नाव स्वप्निल. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथं पांघरूण एकदम सपाट होत होतं, आणि शिवशंकरला तिकडे बघायचं नव्हतं आणि दुसरीकडेही बघता येत नव्हतं. स्वप्निलला ते कळलं. "बघा ना सर. समदेच बघतेत. म्या बी बघतो." मग हळदीचं काय चाललंय, पाऊस कसा आहे, अशा गप्पा झाल्या. आणि मध्येच तो म्हणाला, "सर, कोनी घोंगडी न्हाई का हो आनली?"

शिवशंकरला वाटलं, आपल्या अंगालाच वास येतोय. "घोंगडी?" "व्हय. आमचा आज्जा मेंढरं राखायचा. इथलं ब्लँकेट लय मऊ हाय, झोपच लागत न्हाई. टोचल्याबिगर झोप येत न्हाई आमाला." हसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "ह्यो जो पाय न्हाई ना सर, त्याला थंडी वाजून राह्यली. रोज. डॉक्टर म्हनतेत असं व्हतंय, जाईल हळूहळू. पर वाटते, तिथं घोंगडी टाकली की थांबंल." जवळ उभ्या असलेल्या सिस्टर केरळच्या असाव्यात, हिंदीतून म्हणाल्या, घरसे कोई लाए तो हम धूप दिखाके दे देंगे, कोई दिक्कत नहीं. कोई दिक्कत नहीं. गाडी खाली पार्किंगमध्ये, दोन मिनिटांच्या अंतरावर. घोंगडी जॅकच्या शेजारी. फक्त खाली जायचं, डिकी उघडायची, अमरसिंग वकिलांच्या देखत ती काढायची, त्या चकचकीत फरशीवरून, पांढऱ्या कपड्यांमधून, काखेत धरून यायचं आणि म्हणायचं, ही घे. शिवशंकर म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की आणू." पोरगा म्हणाला, "आना सर," आणि पुन्हा उशीवर टेकला. पुढची वेळ आलीच नाही. आणि खरं तर, येणार नाही हे म्हणतानाच त्याला ठाऊक होतं.

घोंगडी परत आली ती अभ्यासिकेच्या कोपऱ्यात पडली. पार्सल करायचं होतं. एकदा भाद्रपदातल्या दुपारी पाठीत उसण भरली म्हणून त्याने ती जमिनीवर अंथरली आणि जरा टेकला. उठला तेव्हा साडेपाच वाजले होते. गालावर लोकरीची नक्षी उमटली होती, आणि इतकी गाढ झोप त्याला चाळीस वर्षांत लागली नव्हती. त्या दिवसापासून ती रोज दुपारी अंथरली जायची आणि चहाच्या आत गुंडाळून कपाटामागे जायची. एका अंगाने त्याला त्या वासाची लाज, आणि दुसऱ्या अंगाने त्या वासावाचून डोळा लागेना. पायाशी दुमडलेला भाग दोन्ही पावलांवर ओढून घ्यायचा. दोन्ही पावलं, धडधाकट. तेव्हा कधी पुण्याची खाट आठवायची; तो कूस बदलायचा, आणि टोचलं की झोप लागायची.

मधल्या काळात खेमाकाका तीनदा भेटले, दोनदा बाजारात, एकदा औंढ्याच्या रस्त्यावर. पहिल्यांदा विचारलं, "पोचली का?" "पोचली. आपल्याच पुसेगावच्या जवानाला दिली. स्वप्निल नाव." नाव सांगितलं की खोटं भरीव वाटतं, हे त्याला शिकवायला कुणी लागलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, "कसं हाय लेकरू?" "हळूहळू." तिसऱ्यांदाही "हळूहळू." त्याला फार सोयीचा शब्द वाटला होता तो. त्यात बरंही नाही, वाईटही नाही, आणि फोन करून विचारायचंही काम नाही. आता कळत होतं, की एकेका हळूहळूला म्हाताऱ्याच्या अंगावरचा एकेक महिना उघडा पडत गेला होता. कार्तिक, मार्गशीर्ष, आता पौष. आणि ह्याने मात्र पाठीखाली घेतलेली.

दुपारी त्याला झोप आली नाही. घोंगडी कठड्यावरून काढून आणली तेव्हा ती उन्हाने तापली होती, जिवंत जनावरासारखी. त्याने ती गाडीत ठेवली, मागे नाही, शेजारच्या सीटवर, आणि मंजुषाला "येतो जाऊन" म्हणाला. औंढ्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांना हळद होती, पानं पिवळी पडून लोळायला लागलेली. तेवढ्या तासाभरात त्याला एक चांगली गोष्ट सुचली. इतकी चांगली की त्याने गाडीचा वेगही कमी केला. स्वप्निल चालायला लागला. नकली पाय बसवला, चालला, आणि घोंगडी परत पाठवली काकांना. म्हणजे नवस फिटला, काकांच्या खांद्यावर लोकर आली, छातीची घरघर गेली. आणि सिंधूकाकीने जी कठड्यावर पाहिली ती काय, कालच पुण्याहून आली होती म्हणायचं, उन्हात टाकली होती. सगळं बरोबर बसत होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. असं कुणाचंच न बिघडवणारं खोटं सापडलं की माणसाला आपण दयाळू आहोत असंही वाटायला लागतं. शिवशंकरला दोन-चार मैल तसं वाटलं.

खेमाकाकांच्या मेंढरांचा वाडा एका कापून झालेल्या रानात बसवला होता, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मेंढरं चरून परत यायची होती. खेमाकाका उन्हाकडे पाठ करून बसले होते. सुती धोतर, सुती चादर, आणि चादरीवरून, वारा लागू नये म्हणून, खताचं रिकामं प्लास्टिकचं पोतं, दोन टोकं गळ्याशी मुठीत धरलेली. शिवशंकरला पुढे पाय टाकवेना. "या मास्तर," खेमाकाका म्हणाले, आणि उठायला लागले तर खोकल्याने खाली बसले. सिंधूबाई तीन दगडांच्या चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही. तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. ते त्याला म्हाताऱ्याच्या हसण्यावरून कळलं.

"काका," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "चालायला लागला स्वप्निल. नवा पाय बसवला. ही घोंगडी त्याने परत पाठवलीय, तुमच्यासाठी."

खेमाकाकांनी दोन्ही हात पुढे केले. पोतं खांद्यावरून सरकून मागे पडलं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. घोंगडी कपाळाला लावली, तीन टाके अंगठ्याने चाचपले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आता ते खांद्यावर घेतील, शिवशंकर मनात म्हणत होता, घेतील आणि संपलं. पण त्यांनी घेतली नाही. "सिंधे," ते म्हणाले, "भंडारा आन. जवानानं पांघरलेली हाय, आदी देवाम्होरं ठिवू. मंग घीन आंगावर."

सिंधूबाई उठली नाही.

"आन की."

"देवाम्होरं नको," ती चुलीकडे बघत म्हणाली.

"काहून?"

"मास्तरांला इचारा."

वाऱ्याने धूर शिवशंकरच्या अंगावर आला. तिने अजूनही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, ही माझ्यावर रागावलेली नाही. माझ्या जागी ही लाजतेय. शाळेत एखादा मुलगा चोरी करताना सापडला की शिवशंकर स्वतः असाच खिडकीबाहेर बघायचा. तो खाली बसला, उघड्या ढेकळांवर, आणि सांगितलं. की ती पोचलीच नाही. की गाडीत होती, खाली, आणि पोराने मागितली तरी आणली नाही. की घरात होती, माझ्या पाठीखाली. नवसाचं आज सकाळी कळलं, हेही म्हणाला, आणि म्हणताना हेही कळलं की हे खरं असलं तरी त्याने काही कमी होत नाही. सगळं सांगितलं. गाडीतलं ते एक वाक्य तेवढं सांगता आलं नाही. ते जिभेपर्यंत आलं, आणि समोर खेमाकाकांचे हात दिसले, आणि ते परत गेलं.

खेमाकाका ऐकत होते. मांडीवरच्या घोंगडीवरून त्यांचा हात फिरत होता, कोकराच्या पाठीवरून फिरावा तसा. मग त्यांनी विचारलं, "ते पोरगं हाय ना पर? का ते बी न्हाई?"

"आहे काका. पुसेगावचाच आहे. डावा पाय नाही. त्याने मला सांगितलं, जो पाय नाही त्याला थंडी वाजते. म्हणून मागत होता."

"मंग कसा हाय त्यो आता?"

शिवशंकरने तोंड उघडलं. हळूहळू हा शब्द सवयीने पुढे आला होता. "ठाऊक नाही," तो म्हणाला.

"उठला का न्हाई?"

"ठाऊक नाही."

"तू इचारलंच न्हाई?"

चाळीस वर्षांनी खेमाकाकांनी त्याला तू म्हटलं होतं. नोकरी लागल्यापासून मास्तर आणि तुमी चाललं होतं. तेही त्यानेच कधीतरी, न बोलता, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. त्याने मान हलवली. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही; तेवढीही सुटका नव्हती. म्हाताऱ्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. मग घोंगडीची चौघडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि त्याच्यापुढे धरली.

"घेऊन जा."

"काका, तुम्ही घ्या. तुमची छाती—"

"जवानाच्या नावानं काढलीय म्या ती. माजी न्हाई आता. ज्येच्या नावाची त्येला दे. त्यो कुटं बी आसंल, हुडक. थंडी हाय तवर दे. न्हाई त्या पायावर टाक म्हन."

"आवो, तुमी तरी दुसरी घ्या आता," सिंधूबाई पहिल्यांदाच इकडे वळली. "ह्याह्यनी सांगितलंय ना समदं. नवस मोडत न्हाई तेवढ्यानं."

"त्यो चालला का?" खेमाकाकांनी तिला विचारलं. ती पुन्हा चुलीकडे वळली. त्यांनी मागे हात नेऊन पोतं ओढलं, चादरीवर घेतलं, आणि दोन टोकं गळ्याशी धरली. "चालला का सांगाय ये, शिवा. बरं आसू दे, वाईट आसू दे. खरं आसंल ते सांग."

शिवशंकर उठला. घोंगडी त्याने काखेत मारली, जशी दुपारी गच्चीवरून आणली होती तशी, आणि निघाला.

"काखेत नको," मागून आवाज आला. "काखंत काय चोरीची हाय का? खांद्यावर घे. तुज्या बापासारखी."

त्याने ती खांद्यावर टाकली. गाडी चढावर रस्त्याकडेला उभी होती, तिथवर सगळं उघडं रान. रस्त्याने एक ट्रॅक्टर चालला होता आणि त्यावरची माणसं बघत होती. शर्ट-पँट, पायात बूट, खांद्यावर घोंगडी. बघू देत. पाण्यावरून येणारा वारा आता बोचायला लागला होता. मागे खेमाकाका खोकत होते, खोकला थांबत नव्हता, आणि शिवशंकर सावकाश चालत होता. अर्ध्या रानात त्याच्या लक्षात आलं, की वारा आपल्याला लागत नाहीये. खांदा उबदार झाला होता, आणि त्याची त्याला लाज वाटली.